सात पिवळे कागद

माझ्या दादाच्या नातीने, बेगायिमने, बुधवारी पहिलं पाऊल टाकलं आणि लगेच शनिवारी तिचे पाय बांधायचं ठरलं. आमच्या तेरेकबुलाक गावात मूल चालायला लागलं की त्याच्या पायांना काळ्या-पांढऱ्या लोकरीचा दोरा बांधतात. मग बाया शर्यत लावून धावत येतात, जी पहिली पोचेल ती दोरा कापते आणि तिचे गुण मुलाला लागतात म्हणे. माझा दोरा कापणारी बाई ऐंशीव्या वर्षी घोड्यावरून बाजाराला जायची आणि मला साधा जिना चढला तरी धाप लागते, तेव्हा काय ते समजा.

घर सकाळपासून भरलं होतं. सागिनबेकदादाने मेंढा कापला, त्याचा मुलगा तिलेक कढईखाली लाकडं सारत होता आणि बुरुलचावहिनी कमरेवर हात ठेवून सगळ्यांना एकाच वेळी ओरडत होती. वहिनी आमच्या दवाखान्याची मुख्य नर्स. तीस वर्षं झाली, तिला घर कुठे संपतं आणि वॉर्ड कुठे सुरू होतो ते कळत नाही. मी दादाची धाकटी बहीण. या घरात मला कोणी काही विचारत नाही, त्यामुळे मला सगळंच कळतं.

घरची सून, तिलेकची बायको जिपारा चुलीपाशी उभी होती, पण तिचे डोळे घड्याळावर. चार वाजता राजधानीहून, बिश्केकहून तिच्या मॅडम यायच्या होत्या, वेनेरा सादिकोव्ना. डॉक्टर झाल्यावर जिपाराने आणखी दोन वर्षांचा अभ्यासक्रम धरला होता, रोग्यांवरच्या उपचारांचं संशोधन कसं करायचं ते शिकवणारा. त्याच्या या प्रमुख. येत्या गुरुवारी जिपाराची शेवटची तोंडी परीक्षा होती. पदवी हातात पडली की जूनपासून जिल्ह्याचं नवं काम तिच्याकडे येणार होतं. प्रबंध छापून, बांधून, पलंगाखालच्या पेटीत ठेवला होता. बेगायिम पोटात असताना ही पोर दर महिन्याला मार्शरुत्काच्या, म्हणजे खचाखच भरलेल्या मिनीबसच्या, मागच्या सीटवर उलट्या करत बिश्केकला जायची. त्यामुळे तो प्रबंध आम्हाला घरातलं दुसरं बाळच वाटायचा.

संशोधन तसं साधं होतं. हिवाळाभर गोवऱ्या जाळून जाळून आमचं निम्मं गाव खोकतं. औषधाच्या जोडीला आठवड्यातून तीनदा श्वासाचे व्यायाम शिकवले, चालवलं, तर माणूस जास्त सुधारतो का, हे जिपाराला बघायचं होतं. साठ माणसं घेतली. निम्म्यांना नुसतं औषध, निम्म्यांना औषध आणि वर्ग. कोण कशात हे ना डॉक्टरने ठरवायचं, ना नर्सने. बिश्केकहून साठ बंद पाकिटं आली, एकपासून साठपर्यंत आकडे घातलेली. माणूस आला की पुढच्या आकड्याचं पाकीट फोडायचं. आत पिवळा कागद निघाला तर वर्ग, पांढरा निघाला तर घरी जा. मीही त्या साठांत होते. मला पांढरा निघाला.

तेव्हा जिपारा बाळंतीण होती, म्हणून पाकिटं वहिनीच्या ताब्यात होती. त्यासाठी वहिनीने दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं. त्याचं प्रमाणपत्र चौकट करून टीव्हीच्या वर लावलंय.

एकाच गोष्टीवरून मॅडम आणि जिपारा यांचं अडलं होतं, आणि आम्ही त्याला हसायचो. आमच्याकडे सून सासरच्या थोरांचं नाव तोंडाने घेत नाही, हाताने लिहीत नाही. बुरुल म्हणजे करडा, त्यावरून बुरुलचा. म्हणून लग्न होऊन आल्या दिवसापासून जिपाराने तो शब्दच सोडला. आमच्या करड्या घोडीला ती सहा वर्षं ‘ढगाच्या रंगाची’ म्हणतेय. प्रबंधातही तिने आभार मानले ते ‘आमच्या घरातल्या थोरल्या नर्सचे’. मॅडमनी लाल शाईने विचारलं होतं, ‘नाव?’ जिपाराने ते पान तसंच ठेवलं.

दुपारी जेवणं मांडली. आसाकुन आजोबा ब्याऐंशीचे, गावात सगळ्यांत थोर, ते दारासमोरच्या मानाच्या जागेवर. मेंढ्याचं शिजवलेलं डोकं त्यांच्यापुढे, मांडीची हाडं त्यांच्या खालोखालच्यांना, मग मानकरी बाया, मग शेजारी. शेवटी घरच्यांना बरगड्या. वहिनी न बघता वाटते आणि तिचा हात कधी चुकत नाही.

आजोबांनी मेंढ्याचा कान कापून बेगायिमच्या मुठीत दिला आणि आशीर्वादाला तळहात वर केले.

“मान कसा द्यावा ते या बुरुलचाकडून शिका,” ते म्हणाले. “त्या पाकिटांच्या वेळी माझा पांढरा कागद निघाला. मी म्हटलं, असू दे पोरी. पण हिने दार लावलं, पुढची पाकिटं फोडून बघितली आणि मला पिवळा काढून दिला! आम्हा सात म्हाताऱ्यांना दिला. आज मी काठी न टेकता ओढ्यापर्यंत जातो. देव हिला उदंड देवो!”

सगळ्यांनी आशीर्वाद घेत चेहऱ्यावरून हात फिरवले, कोणी टाळ्या वाजवल्या. वहिनीने लाजून डोक्याचा रुमाल सारखा केला. आणि जिपाराच्या हातातला डाव रश्श्यात पडला.

“अगं, भाजलं का?” कानिशायने विचारलं. ही दादाची थोरली मुलगी, शाळेत मुख्याध्यापिका, आणि भावजय म्हणजे तिची कायमची नापास विद्यार्थिनी. “बिश्केकला डाव धरायला नाही वाटतं शिकवत!”

जिपारा स्वयंपाकघरात गेली. मागून तिलेक, तिलेकच्या मागून कानिशाय, मग दादा, आणि किटली भरायची आहे म्हणून मी. वहिनी सगळ्यांत शेवटी हात पुसत आली.

“काय चाललंय? बाहेर पाहुणे बसलेत.”

“आपा,” जिपारा म्हणाली. आमच्याकडे आईलाही आपा आणि सासूलाही आपा. “पाकिटं फोडून बघितली होती तुम्ही?”

“बघितली. मग?”

“आणि बदलली?”

“मग काय आसाकुन आजोबांच्या हातात पांढरा कागद देऊ? नुसतं औषध घ्या आणि निघा, असं म्हणू? वर्गात शेगडी असते, चहा असतो, चार माणसं भेटतात. आधी थोरांना, मग घरच्यांना. हे आता मला तुझ्या बिश्केकने शिकवायचं?”

“आपा, तिथे मानपान नव्हता. तिथे नशीब होतं.”

“नशिबाला अक्कल नसते, म्हणून तर नर्स ठेवतात!”

तिलेक मध्ये पडला. तो गुरांचा डॉक्टर, त्याचा स्वभाव थंड. “हे बघ, साठात सात माणसं. कुणाला कळणार आहे? आमच्या लसीच्या चाचणीच्या वेळी तर दोन मेंढ्या पळूनच गेल्या होत्या.”

“सात नाहीत, चौदा,” दादा म्हणाला. त्याने चाळीस वर्षं गणित शिकवलंय. “सातजणांना पिवळा दिला, म्हणजे दुसऱ्या सातजणांचा पिवळा काढला.”

“आबा, तुम्ही गणित नका ना घालू यात!” तिलेक म्हणाला.

“मी कुठे घातलं? ते आहेच त्यात.”

कानिशायने दाराला पाठ लावली. “जिपारा, ऐक. पुस्तक छापून झालंय. गुरुवारी जा, परीक्षा दे, ये. आईच्या निवृत्तीला आठ महिने राहिलेत. ही चूक वर कळवून तिचं नाव कागदावर चढवून तुला काय मिळणार? सासूला गावात उघडं पाडून पदवी घ्यायची, हे शिकलीस होय दोन वर्षं?”

पुढे कितीतरी दिवसांनी जिपाराने मला सांगितलं, “आत्या, मी दहा आकडे मोजले आणि गप्प बसायचं ठरवलं. खरंच ठरवलं होतं. त्या उलट्या आठवल्या, ती मागची सीट आठवली. म्हटलं, कोण विचारतंय.” मग तिच्या डोक्यात आलं, की पुढच्या हिवाळ्यात तिच्या आकड्यांवर भरवसा ठेवून कुठली तरी नर्स कुठल्या तरी खोकणाऱ्या म्हातारीला काहीतरी सांगणार. आणि आकडे तर मांडीच्या हाडासारखे, मान बघून वाटलेले.

“पिवळा कुणाकुणाचा काढलात, आपा?” तिने हळूच विचारलं. “त्यांना तरी कळायला हवं.”

“घरच्यांचा! परक्यांचा कशाला काढेन मी? माझ्या भावाचा, भावजयीचा, दोन चुलतभावांचा, आपल्या पलीकडच्या काकूचा, या तुझ्या आत्याचा...”

“माझा?” मी किटली खाली ठेवली. वर्षभर मी सांगत फिरत होते की माझं नशीबच पांढरं. नशीब कुठलं, वहिनी होती!

“आणि कानिशायच्या सासूचा,” वहिनीने यादी पुरी केली.

कानिशाय दारापासून सुटी झाली.

“माझ्या सासूचा? आपा! ती बाई खोकून खोकून वर्षभर माझं डोकं खातेय. आजसुद्धा खोकल्यामुळेच आली नाही. रोज म्हणते, तुझ्या आईच्या दवाखान्यात माझा नंबर लागला नाही. आणि मी तिच्याशी भांडतेय! म्हणतेय, नंबर नशिबाने लागतो, माझी आई त्यात काय करणार? शपथा घेतल्यात मी तुझ्यासाठी!”

“अगं, घरच्यांचं चालतं म्हणून...”

“चालतं कुठे? ती बाजेवरून उठत नाही!” कानिशायने जिपाराचा दंड धरला. “लिही गं तू. सगळं लिही. शुद्धलेखन मी तपासून देते.”

तिलेकने दादाकडे बघितलं, दादाने छताकडे. वहिनी पिठाच्या पोत्यावर मटकन बसली. मला वाटलं आता फुटणार, पण ती माझ्याकडेच बघत राहिली.

“तुला खरंच धाप लागते?”

“जिना चढला की लागते.”

“मला वाटायचं, तू कामाच्या वेळी नाटकं करतेस.”

“ते वेगळं,” मी म्हटलं. “कधी नाटक असतं, कधी धाप.”

ती हसली नाही. माझा राग तिथेच उतरला, कारण मला वहिनीचं ताट आठवलं. इतक्या वर्षांत तिने स्वतःला कधी बरगडीपेक्षा चांगला तुकडा घेतला नाही. आपल्या माणसाला शेवटी वाढायचं, हीच तिची माया. ती चुकीची असू शकते हे तिला साठाव्या वर्षी, पिठाच्या पोत्यावर कळत होतं.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला.

वेनेरा सादिकोव्ना हातात केकचा खोका घेऊन उतरल्या. बुटक्या, भरभक्कम, जाड भिंगांचा चष्मा. लोकांनी त्यांना मानाच्या जागेकडे नेलं, पण चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत जिपाराने त्यांना अंगणातल्या बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं, एका दमात, पायांकडे बघत. आम्ही सगळे खिडकीत.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“रडलीस का?”

“अजून नाही.”

“मग आधी फॉर्म भर. रडायचं नंतर.” त्यांनी पर्समधून घडी केलेला, संशोधनातली चूक कळवायचा कागद काढला. दुसऱ्या बायका छत्री बाळगतात, या असले फॉर्म बाळगतात. “गुरुवार हातचा गेला, हे समजलीस ना? परीक्षा आता शरदात. मूळ यादी माझ्या कपाटात कुलपात आहे. ज्याच्या पाकिटात जो कागद होता, तोच त्याचा गट धरून सगळे आकडे परत मांडायचे. संशोधनावर देखरेख करणाऱ्या समितीला कळवायचं. चौदाही जणांच्या घरी तू स्वतः जायचं आणि सांगायचं.”

“जूनचं काम...”

“ते थांबेल तर तुझं. नाही थांबलं तर नाही.”

“आणि निकाल? तो टिकेल?”

“वर जाईल की खाली, मला काय माहीत! माहीत असतं तर साठ म्हाताऱ्यांना कशाला दमवलं असतं?” मग त्यांनी जिपाराच्या पाठीवर हात ठेवला. “हे बघ, आज मला न सांगता तू पास झाली असतीस. ते मला आवडलं नसतं.”

जिपारा लिहायला लागली. काय झालं, कधी झालं, किती माणसं. पेन भराभर चाललं आणि एका चौकोनापाशी अडलं. तिथे छापलं होतं, ‘चूक कोणाकडून झाली, पूर्ण नाव.’

“लिही.”

“मॅडम, मी सून आहे. मला नाव घेता येत नाही.”

“मीही वीस वर्षं सून होते. पण हा फॉर्म कुणाची सून नाही.”

“‘आमच्या घरातली थोरली नर्स’ असं लिहिलं तर?”

“पत्ता काय लिहिशील? ढगाच्या रंगाच्या घोडीमागे?” मॅडमना सगळं ठाऊक होतं तर.

खिडकीतून वहिनी कधी गेली कळलं नाही. ती बाकापाशी उभी होती. हात पुढे करून म्हणाली, “आण इकडे.” आणि उभ्याउभ्या, बाकावर एक पाय टेकवून, गुडघ्यावर कागद धरून, त्या चौकोनात तिने आपलं नाव लिहिलं. बुरुलचा ओस्मोनोव्ना, वडलांच्या नावासकट, दवाखान्याच्या रजिस्टरात लिहिते तशा ठसठशीत अक्षरात. खाली सही केली. मग घरात येऊन टीव्हीवरची चौकट काढायला लागली.

“ते कशाला काढताय?” मॅडम मागोमाग आल्या.

“प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी मी झोपले होते. जेवणानंतर.”

“सप्टेंबरमध्ये परत आहे. दोन दिवस.”

“चहा असतो?”

“असतो.”

“मग पुढच्या बाकावर बसेन,” वहिनी म्हणाली आणि चौकट उलटी करून कपाटात ठेवली.

उन्हं कलायच्या आत शर्यत उरकायची होती. दादाने बेगायिमच्या पायांना दोरा बांधला. दोरा काळ्या-पांढऱ्याचाच लागतो. आमच्याकडे सरळ माणसाला ‘या दोऱ्यावरून कधी उडी न मारलेला’ असं म्हणतात. जिपारा पोरीला काखेत धरून वेशीच्या खांबाशी उभी राहिली. तिचे डोळे लाल होते, पण फॉर्म भरून झाला होता, तेव्हा रडायला हरकत नव्हती.

धावणाऱ्या आम्ही दहा-बाराजणी, कानिशाय सोडली तर सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. नेहमीप्रमाणे थोरल्या बाया वीस पावलं पुढे जाऊन उभ्या राहायला लागल्या.

“थांबा!” वहिनी ओरडली. “मागे या. आज सगळ्या एका रेघेवर.”

“अगं बुरुलचा, थोरांना आधी नाही?” आसाकुन आजोबांनी विचारलं.

“आज नाही, आजोबा. तुमची काठी द्या, रेघ ओढते.”

आजोबांनी काठी दिली खरी, पण त्यांना ते मुळीच पटलं नाही.

तिलेकने टोपी खाली टाकली आणि आम्ही सुटलो. सुटलो म्हणजे त्या सुटल्या, मी चालायला लागले. वहिनी पुढे, तिच्या मागे कानिशाय, मग वेनेरा सादिकोव्ना दोन्ही हातांनी घागरा उचलून. जिपारा मोठमोठ्याने ओरडायला लागली, “आपा, पळा! पळा आपा!” आता आमच्यातली प्रत्येक बाई कुणाची ना कुणाची आपा. सगळ्यांनाच जोर चढला. कानिशाय वहिनीच्या बरोबरीला आली. वेनेरा सादिकोव्नाही.

“आपा! आपा!” आणि मग त्या पोरीच्या तोंडातून निघूनच गेलं, “बुरुलचा! बुरुलचा आपा, पळा!”

वहिनी दोऱ्यापासून चार पावलांवर जागच्या जागी थांबली. ती थांबली म्हणून कानिशाय थांबली, कानिशाय थांबली म्हणून मॅडम तिच्यावर आदळल्या, आणि मागच्या सगळ्या माना लांब करून उभ्या राहिल्या. सुनेने सासूचं नाव घेतलं, तेही भर पंगतीच्या दिवशी!

मला मात्र काही ऐकू आलं नाही. माझ्या कानात माझीच धाप होती. मी आपली मान खाली घालून चालत राहिले. सगळ्या का उभ्या आहेत ते कळेना, पण वाट मोकळी होती. खांबाशी पोचले, दादाच्या हातातली सुरी घेतली आणि दोरा कापला.

“गेली पोर कामातून!” तिलेकने कपाळावर हात मारला. “आता जन्मभर नाटकं करणार आणि धापा टाकणार!”

हशा पिकला तसं मला कळलं की मी जिंकले. बेगायिम मोकळ्या पायांनी दोन पावलं टाकून माझ्या घागऱ्याला लोंबकळली. पण वहिनीचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. ती सुनेसमोर जाऊन उभी होती.

“काय म्हणालीस?”

“आपा, चुकून निघून गेलं. मी...”

“चुकून नको. डॉक्टरला आपल्या नर्सचं नाव घेता आलं पाहिजे. परत म्हण.”

जिपाराने एकदा तिलेककडे बघितलं, एकदा गावाकडे. “बुरुलचा आपा,” ती म्हणाली.

“मोठ्याने. आजोबांना ऐकू येत नाही.”

“बुरुलचा आपा!”

“हं,” वहिनीने मान हलवली, रुमालाच्या टोकाने सुनेचं नाक पुसलं आणि कुंपणापलीकडे चरणाऱ्या घोडीकडे बोट केलं. “आणि ती करडी आहे. सहा वर्षं ढगाच्या रंगाची, ढगाच्या रंगाची ऐकून माझे कान किटलेत.”